मांडीवर न ठरणारी गिटार

दादाने नागपूरहून गिटार आणली ती मायच्याच एका जुन्या गोधडीत गुंडाळून. ढाणकीला एस.टी.तून उतरून तो गावापर्यंत पायी आला, आणि वाटेत ज्याने ज्याने ते गाठोडं पाहिलं त्याने मनाशी काहीतरी ठरवून टाकलं. एका म्हातारीला वाटलं, आत पाळण्याचे दांडे आहेत. म्हणजे पोराने नागपुरात परस्पर लग्न उरकलं आणि आता पुढची बातमी घेऊन येतोय. हे आमच्या घरी दादाच्या आधी पोचलं. माय पदर डोळ्यांशी नेऊन दारात तयार होती. दादा एकटाच आला, गोधडीतून कुणाचाही पाळणा निघणार नाही हे कळलं, तेव्हा खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं; पण ती जरा नाराजच झाली.

साठ सालानंतरची ही गोष्ट. दादा वसतिगृहात राहून शिकलेला, नागपुरातच एका कचेरीत कारकून म्हणून लागलेला. मी सातवीपर्यंत शिकून घरी बसले होते. आमची एक गायन पार्टी होती. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, त्यानंतर वस्तीवस्तीत अशा पार्ट्या निघाल्या होत्या. बाबा पेटी वाजवत आणि गात, काका तबल्यावर, आणि मी मागे बसून कडव्याची शेवटची ओळ उचलायची. बुद्धपौर्णिमा, जयंती, कुणाकडचं लग्न, नामकरण, बोलावतील तिथे आम्ही जायचो. दादाला वाटत होतं की आपली पार्टी जुनाट झाली आहे. नागपुरात त्याने स्टेजवर गिटारी पाहिल्या होत्या, एका मित्राकडून बोटं कुठे ठेवायची ते शिकून घेतलं होतं, आणि पगारातून बाजूला टाकत टाकत शेवटी ही चीज विकत घेतली होती. येत्या बुद्धपौर्णिमेला तो ती बाबांच्या शेजारी वाजवणार होता. बाबांच्या शेजारी, हे तो पाणी पिता पिता पुन्हा पुन्हा म्हणाला.

अंगणात सतरंजी अंथरली. तोवर निम्मी वस्ती जमली होती. दादाने गोधडी उलगडली आणि सगळे माना पुढे काढून पाहू लागले.

मी त्याआधी गिटार चित्रात पाहिली होती. कमरेला बारीक, खालीवर गोल, खात्यापित्या घरच्या बाईसारखी. हिला कंबर नव्हती आणि पोटही नव्हतं. एक लांब दांडा, आणि तो संपतो तिथून लाकडाचे दोन फाटे दोन दिशांना गेलेले. मध्ये नुसती हवा. रंग असा भडक लाल की आमच्या अंगणातली कोंबडी दोन पावलं मागे सरली.

"मधातलं लाकूड कोणं काढून घेतलं?" काकाने विचारलं.

आमच्या शेजारी एक सुतार राहायचा. त्याने कडेवरून बोट फिरवलं, पालथी करून पाहिली आणि म्हणाला, "कारागीर चांगला आहे. बिचाऱ्याले लाकूडच कमी पडलं असन."

"बापू, फुटकी तं नाई देली तुले?" माय दादाला हळूच म्हणाली. तिला दुकानदारांचा भरवसा नव्हता.

कुणीतरी सांगितलं, ही ज्वारीवरची पाखरं हाकलायची बेचकी आहे, रबर तेवढं लावायचं राहिलं. दादा समजावून सांगत होता. अमेरिकेत हा नवा आकार निघाला आहे, तिकडची मोठमोठी मंडळी असलीच वाजवतात, आणि ही मात्र नागपूरच्याच एका माणसाने फोटो पाहून बनवली आहे. "फोटो अर्धा फाटेल असन," काका म्हणाला. यावर इतके लोक हसले की दादाचे कान गिटारीच्या रंगाचे झाले.

मग वाजवून दाखव म्हणून सगळे मागे लागले. आमच्या गावात वीज नव्हती. खांब येणार असं निवडणुकीला आलेली माणसं सांगून गेली होती, त्यामुळे आम्ही निवांत होतो. ही विजेची गिटार आहे हे कळल्यावर पोरंसोरं घाबरून मायांना चिकटली, एका आजीने धक्का बसू नये म्हणून पाय वर घेतले. दादाने तारा छेडल्या. आवाज असा निघाला की पुढच्या रांगेतल्यांनी "वाजवली का?" असं विचारलं.

"नागपूरहून डास आणला," मागून कुणीतरी बोललं.

"भोंगेवाल्याच्या मशीनले जोडली का मंग पाहा," दादा चिडून म्हणाला. "त्याची मशीन बॅटरीवर चालते. ढाणकीवरून येऊन राह्यला तो पौर्णिमेले. मी बोलून आलो त्याच्याशी."

 बाबा इतका वेळ सतरंजीवर मांडी घालून गिटारीकडे पाहत होते. त्यांना तिच्या फाट्यांचं, रंगाचं, डासाचं काहीच वाटत नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"बसून वाजवून दाखव बरं."

दादा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि गिटार मांडीवर घेतली. ती घसरली. त्याने उचलून परत ठेवली, ती परत घसरली. गोल पोटाचं वाद्य मांडीवर बसतं; हिचा खालचा फाटा नुसता उतरता, मांडीवर ठेवला की सरळ जमिनीकडे निघायचा. काकाने खाली उशी दिली. उशीसकट गिटार घसरली. मायने घोंगडीची घडी करून आणली, मग आपल्या एका लुगड्याच्या काठाने गिटार त्याच्या गुडघ्याला बांधली. त्याने पहिला सूर काढायला हात उचलला आणि गुडघा, काठ, गिटार असं सगळं एकदम कलंडलं. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मीही हसत होते. बाबा हसत नव्हते.

त्यांनी हात लांब करून गोधडीच्या घडीतून एक चामड्याचा पट्टा बाहेर ओढला. गिटारीबरोबर आलेला तो पट्टा दादाने काही सांगायचं नाही अशा बेताने तिथेच ठेवला होता.

"हे कायले?"

दादा जमिनीकडे पाहत म्हणाला, "गळ्यात अडकवाले. बाबा, हे उभं राहूनच वाजवतात."

बाबांनी पट्टा अंगठ्याने चोळून पाहिला आणि सतरंजीवर ठेवून दिला. गळ्यातल्या पट्ट्याची ओळख त्यांना कुणी करून द्यायची गरज नव्हती.

आमच्या घराण्याकडे गावाचं डफडं होतं. गावात लग्न असो, पोळा असो, मिरवणूक असो, आधी आजोबा आणि मग बाबा डफडं गळ्यात अडकवून पुढे. वरात चालली की चालायचं, वरात मांडवात शिरली की बाहेरच्या शेवटच्या खांबापाशी उभं राहायचं. बाबांचा हात असा होता की दूरदूरच्या गावचे वरपक्ष त्यांनाच मागत. गावातले सगळ्यात मोठे कास्तकार, ज्यांना सगळे मालक म्हणत, त्यांच्या लग्नात बाबा संध्याकाळपासून उजाडेपर्यंत उभे होते. जेवण मिळालं, बक्षिसी मिळाली, कुणी वाईट बोललं नाही. पण त्या मांडवात काय आणि दुसऱ्या मांडवात काय, त्यांना कुणी 'बस' म्हटलं नाही. कुणाला ते सुचलंच नाही. बाबा ही गोष्ट रागाने सांगत नसत. एखादं नवल सांगावं तशी सांगत.

दीक्षा घेऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी डफडं नाल्यात सोडलं आणि घरात जाहीर केलं, "आता या घरातला मानूस वाजवन तं बसून वाजवन." मग वयाच्या चाळिशीत पेटी शिकले. इथे मला अशी एक गोष्ट सांगायला हवी जी आमच्या घरात कधी कुणी मोठ्याने बोललं नाही. डफड्यावर पहिल्या नंबरचा हा माणूस पेटीवर कसाबसा पास होण्याइतकाच होता. ज्या बोटांना थांबणं माहीत नव्हतं ती बोटं पेटीवर प्रत्येक पट्टीला विचारून पुढे सरकायची. पण ते सतरंजीवर बसलेले असायचे, समोर पेटी, मागे भिंतीवर फोटो, आणि लोक त्यांच्यासमोर. त्यांना ते पुरत होतं, म्हणून आम्हालाही पुरायचं.

बसण्याचं हे प्रकरण पुढे फारच वाढलं. एस.टी.त बसायला जागा नसेल तर बाबा गाडी सोडून देत. उमरखेडच्या बाजाराला निघालेले बाबा कधी कधी बाजार उठल्यावर पोचत, पण बसून पोचत. कुणाच्या लग्नाला गेले तर आत शिरून मांडवाच्या मधोमध बैठक मारत, आणि मुलीच्या मावशीने ताटांसाठी जागा करा म्हणून कितीही ओरडा केला तरी हलत नसत. माय म्हणायची, "या माणसानं अर्धं आयुष्य उभ्यानं काढलं, आता उरलेलं बसून काढून राह्यला. मधात चालाचं काम माह्याकडे."

आणि अशा घरात दादाने लाल रंगाचं, पट्ट्याचं, उभ्याने वाजवायचं वाद्य आणलं होतं. मला आजही वाटतं की दुकानात त्याच्या डोक्यात हे आलंच नाही; पट्टा लपवायचं सुचलं ते गाव जवळ आल्यावर. तो शाळेत बाकावर बसला, कचेरीत खुर्चीवर बसत होता. उभं राहणं म्हणजे त्याच्यासाठी नुसतं उभं राहणं होतं. त्याला हे भाग्य बाबांनीच मिळवून दिलं होतं, आणि आता बाबा त्याच्यावरच डोळे वटारत होते.

"आपल्या पिढ्या उभ्या राहून वाजवत गेल्या," बाबा म्हणाले. "तुले शिकाले नागपूरले धाडलं. आन् तू पदरचे पैसे देऊन उभं राहाची चीज घेऊन आला?"

"बाबा, जमाना बदलला."

"मी बी तेच म्हणून राह्यलो," बाबा म्हणाले.

पौर्णिमेपर्यंतचे दिवस घरात कुणी सुखाने जेवलं नाही. दादा खटपट्या, त्याने शाळेतून एक खुर्ची आणली. खुर्चीवर बसून, दोन फाट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडी अडकवून, ती गिटार कशीतरी थांबत होती. दांडा तेवढा आढ्याकडे जायचा आणि दादा नांगर कुणीकडे जुंपायचा हे विसरलेल्या माणसासारखा दिसायचा. पण ते सोडा. बाप सतरंजीवर आणि मुलगा शेजारी खुर्चीवर, हे स्टेजवर कसं दिसेल हा प्रश्न मायने काढला, आणि दादा स्वतःच उठला. बाबांच्या डोक्यावर बसून वाजवायला तो बेशरम नव्हता. म्हणजे खाली बसता येत नाही, वर बसायचं नाही आणि उभं राहिलं तर बाबा घर सोडतील. मला दोघांचाही राग येत होता. एकाला समजत नव्हतं आणि दुसऱ्याला समजून घ्यायचं नव्हतं, आणि कोण कोणता हे दर दोन दिवसांनी बदलत होतं.

आदल्या दिवशी बाबांनी शेवटचं सांगितलं. "सारं गाव येईन. ज्याहिच्या दारात मी उभा राह्यलो ते बी येतीन. त्याहिच्यासमोर तू पट्टा घालून उभा राह्यलास तं त्याहिले काय दिसन? डफडंवाल्याचा पोरगा डफड्यावानी उभा. तू उभा राह्यलास का मी उठून जाईन."

 मायने तोडगा काढला की गिटार स्टेजवर नुसती ठेवायची, लोकांनी बघायची, वाजवायची नाही. दोघांनाही हे पटलं नाही, म्हणून तेच ठरलं.

एक गोष्ट मात्र हाताबाहेर गेली होती. ढाणकीचा भोंगेवाला सकाळपासून सायकलवर भोंगा बांधून गावोगाव ओरडत फिरला होता, "आज संध्याकाळी विजेची गिटार, ऐकायले या, पाहायले या!" ऊन उतरलं तशी माणसं येऊ लागली. आमच्या वस्तीत कधी पाय न ठेवलेली माणसंही आली. मालकही आले. बाबांनी स्वतः सांगून त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेववली. बाबांच्या घरी आलेला माणूस उभा राहत नसे.

दोन बैलगाड्या शेजारी लावून त्यांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं आणि पुढे खांब रोवून मांडव घातला होता. वंदना झाली. गॅसबत्त्या पेटवायला घेतल्या होत्या, पण अजून उजेड होता. बाबा पेटीपाशी बसले, काका तबल्यापाशी, मी मागे. कोपऱ्यात टेबलाला टेकवून ती लाल गिटार ठेवली होती. दादा वर आलाच नाही. तो खाली, कडेच्या खांबापाशी, भोंगेवाल्याच्या बॅटरीजवळ हाताची घडी घालून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला ती जागा ओळखू आली. मांडवाच्या बाहेरचा तो शेवटचा खांब. ज्या जागेवरून मुलाला वाचवायला बाबा भांडत होते, त्या भांडणानेच त्याला तिथे नेऊन उभं केलं होतं.

भोंगेवाल्याला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. त्याला आपल्या इज्जतीची काळजी होती. "ते लाल आना इकडे, वायर लावून पाहू," तो दादाला म्हणाला. "सकाळपासून बोंबलून राह्यलो मी. वाजली नाई तं लोक मले मारतीन." दादा नाही म्हणाला. भोंगेवाल्याने स्वतःच जाऊन गिटार उचलली, पट्टा दादाच्या गळ्यात टाकला, वायर खुपसली आणि मशीनचं बटण होतं तेवढं फिरवलं.

आधी दोन्ही भोंग्यांतून एक शिट्टी निघाली, कान फाडून काढणारी. दादाने ती बंद करायला तारांवर हात मारला. आणि मग तो आवाज आला.

तसा आवाज आमच्या गावाने ऐकला नव्हता. लिंबाच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यांतून तो सुटला तो सरळ वावरांपर्यंत गेला. बगळे उडाले. कुत्री आधी भुंकली आणि मग पळाली. खाली बसलेला सगळा समुदाय एका झटक्यात उठून उभा राहिला. बाया उठल्या, म्हातारे काठ्या टेकत उठले, कडेवरची लेकरं खांद्यावर चढली. "कुठी हाय? कुठी हाय?" पुढचे उठले म्हणून मागचे उठले, मागचे उठले म्हणून पुढच्यांना बसता येईना. मालकही खुर्चीवरून उठले. एका हातात धोतराचा सोगा धरून, टाचा उंच करून, मान लांबवून ते दादाकडे पाहत होते.

दादा गळ्यात पट्टा घालून खरोखरच उभा राहिला होता. बाबांनी आपल्या बोलण्याप्रमाणे उठून जायला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. मी घाबरून त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली, आणि तशीच ठेवली.

समोर सगळं गाव उभं होतं, आणि बाबा बसलेले होते.

त्यांनी डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे. त्यात ते लोक होते ज्यांच्या लग्नांत त्यांनी वाजवलं होतं, ज्यांच्या बापांच्या लग्नांत आजोबांनी वाजवलं होतं. सगळे चवड्यांवर. त्यांनी गुडघ्यांवरचे हात हळूच उचलले आणि परत मांडीत ठेवले. उठून जायचं तर उभं राहावं लागलं असतं, आणि त्या घडीला उभं राहण्याएवढा मूर्खपणा दुसरा नव्हता.

"वर ये," ते दादाला म्हणाले. "मधात ये. वाजव."

दादा वायर सांभाळत फळ्यांवर चढला आणि बाबांच्या शेजारी उभा राहिला. त्याने आमचंच रोजचं गाणं धरलं. बाबांनी पेटीवर सूर शोधला, पण गिटारीचा आणि पेटीचा सूर जमेना. त्यांनी एकदा शोधला, दुसऱ्यांदा शोधला, मग भाता बंद केला आणि पेटीवर झाकण टाकलं. मला वाटलं, आता रुसले. पण त्यांची बोटं त्या झाकणावर पडली, आणि काकाने तबला वाजवायचा थांबवला.

ते डफडं होतं. दहाएक वर्षं नाल्यात सोडलेलं डफडं लाकडाच्या झाकणावर परत आलं होतं. बोटं कुठेही विचारत नव्हती, अडत नव्हती. गिटार पुढे पळायची आणि ते ठेके तिला मानेला धरून परत आणायचे. मी ओळ उचलायची विसरले. खाली माय तोंडाला पदर लावून रडत होती, आणि या वेळी तिने आधीपासून तयारी केली नव्हती. मलाही रडू आलं. मला इतका आनंद झाला होता की मी काकाच्या पाठीत बुक्की मारली. बाबांची पेटी इतकी सुंदर कधीच वाजली नव्हती, हे मी त्यांना पुढे कधी सांगितलं नाही.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण लोक बसेनात. अजून वाजेल म्हणून तसेच ताटकळले होते. मालकही खुर्ची मागे असूनही उभेच होते. बाबांनी काकासमोरचा माईक आपल्याकडे ओढला, घसा खाकरला, आणि ते खाकरणंही वावरांपर्यंत गेलं.

"बसा, मालक," बाबा म्हणाले. "बसा."

आवाजात टोमणा नव्हता. आपल्या घरी आलेल्या माणसाला म्हणतात तसंच ते म्हणाले होते. मालकांनी इकडेतिकडे पाहिलं, थोडे हसले, सोगा सोडला आणि बसले. त्यांच्यामागे सगळं गाव हळूहळू बसलं. सगळे बसलेत हे पाहून दादाने गळ्यातला पट्टा काढायला हात वर नेला.

"तू राह्य उभा," बाबा म्हणाले.